एका बाहीची ट्रायल

श्री. व्याहीबुवा आणि सौ. विहीणबाई यांना आम्हा दोघांचा खालच्या मजल्यावरून सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही आपापल्या परीनं ठीक आहोत. माझा गुडघा जिना दिसला की बोलायला लागतो, एरवी गप्प असतो. आमच्या सौ.चा, म्हणजे घरच्यांचा, रक्तदाब गोळीनं ताब्यात आहे (तो माझ्यामुळे वाढतो असं त्यांचं म्हणणं आहे, पण डॉक्टरांनी तसं कुठं लिहून दिलेलं नाही). तुमचा खांदा आता कसा आहे? रंगाचे मोठे डबे स्वतः उचलू नका, दुकानात दोन धडधाकट माणसं आहेत ती कशासाठी? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं धाकटीकडून समजलं आणि जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, दिसायला लागलं म्हणून लगेच सुईत दोरा ओवून बघू नका. शिंप्याच्या सवयीनं माझ्या ऑपरेशननंतर मी तेच केलं होतं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली होती.

तुमचं पत्र मिळालं. एकदा उभ्यानं वाचलं, एकदा बसून वाचलं आणि मग घरच्यांनी माझ्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. संगीताच्या त्या सॉफ्टवेअरची विक्री वर्षअखेरपर्यंत सुधारली नाही, तर जावईबापूंनी इथला कारभार आवरावा, धाकटीला घेऊन तिकडे यावं आणि रंगाच्या दुकानात तुमच्या शेजारी बसावं, असं तुम्ही लिहिलं आहे. माझी त्याला काही हरकत नाही. मुलगा तुमचा, दुकान तुमचं. धाकटी आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते म्हणून माझा तिच्यावर जास्तीचा हक्क आहे असं मी कधी म्हटलेलं नाही (आणि जावईबापू वेळच्या वेळी भाडं देतात, मी नको म्हटलं तरी देतात, तेव्हा तुमच्या मेहुण्यांनी मागच्या खेपेला जो शब्द वापरला तो त्यांनी परत वापरू नये). थोरली तर लग्न झाल्यापासून लांबच आहे, तिचीही सवय झालीच की. तेव्हा हरकत नाही. फक्त पत्राच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून एक वाक्य लिहिलंत, की विक्री बुडाली ती सासऱ्यांच्या शिंपीकामाच्या सल्ल्यामुळे असं कानावर आलं. ते वाक्य मला लागलं. म्हणून खरं काय घडलं ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या कानावर ज्यानं घातलं त्यानं अर्धंच घातलेलं दिसतं.

आता, जावईबापू नेमकं काय विकतात हे समजायला मला बराच काळ लागला. तुम्हालाही लागला असेल, तुम्ही बोलत नाही इतकंच. कॉम्प्युटरमध्ये अख्खा वाद्यवृंद कोंबलेला आहे असं समजा. बासरी आहे, व्हायोलिन आहे, ढोल आहेत, मागं हुंकार भरणारी माणसंसुद्धा आहेत. तुम्ही घरी बसून बटणं दाबायची, ते वाजवतात. कुणी उशिरा येत नाही, कुणाचा कुणाशी अबोला नाही, कुणाला चहा लागत नाही. मी आयुष्यभर एका बँडवाल्यांचे कोट शिवले, त्यामुळे ही केवढी मोठी सोय आहे ते मला चटकन पटलं. शाळा माझी अर्ध्यातच सुटली, तरी चांगला माल ओळखता येतो. माल चांगला आहे. तुमच्या मुलाच्या हातात कसब आहे, हे मी तोंडावर सांगत नाही, पण पत्रात लिहायला हरकत नाही.

तर हा माल विकत घेण्याआधी लोकांना काही दिवस फुकट वापरायला देतात. सुरुवातीला जावईबापूंनी सगळंच्या सगळं देऊन टाकलं होतं. बासरीपासून हुंकारापर्यंत सगळं खुलं. लोक आले, गाणी केली, ती आपापल्या घरी नेली, छान आहे म्हणून कळवलं आणि गेले. मुदत संपली की नवीन नावानं परत यायचे. एका गृहस्थांनी तर आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं संपल्यावर कुत्र्याच्या नावानं अर्ज केला होता (कुत्र्याचं नाव फार भारदस्त होतं, म्हणून धाकटी फसली). विकत कुणी घेईना. जावईबापू संध्याकाळी खाली येऊन माझ्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसायचे आणि नुसते चिंध्यांशी चाळा करायचे. मला बघवेना. मी विचारलं, हे जे तुम्ही फुकट देता त्याला म्हणतात तरी काय? ते म्हणाले, ट्रायल.

व्याहीबुवा, त्यांच्या धंद्यातला मला समजलेला तो पहिला शब्द. इतके दिवस ते काय काय बोलायचे आणि मी मान हलवायचो. पण ट्रायल! उभा जन्म मी ट्रायल घेण्यात घालवला. तुम्ही कधी कोट शिवून घेतला असेल तर आठवेल (तुमच्या मुलाच्या लग्नातला तुमचा कोट खांद्यात उतरत होता, तो माझ्याकडचा नव्हता). कोट कापायचा, कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर चढवायचा, खडूनं खुणा करायच्या. आणि ट्रायलला बाही एकच लावायची. दुसरी बाही दुकानातच. का? तर मी धंद्यात नवा असताना कचेरीतल्या एका साहेबांच्या कोटाला हौसेनं दोन्ही बाह्या लावल्या. ते म्हणाले, जरा घरी दाखवून येतो. गेले ते गेलेच. त्या पांढऱ्या टाक्यांच्या कोटात त्यांचा फोटो निघाला, त्यांना बढती मिळाली, त्यांचा निरोपसमारंभ झाला. कोट काही परत आला नाही. शेवटी भेटले तेव्हा म्हणाले, चांगला बसलाय हो, पक्का करायची गरजच पडली नाही. हे सगळं मी जावईबापूंना सांगितलं आणि वर म्हटलं, तुम्ही दोन्ही बाह्या लावून देताय, मग गिऱ्हाईक परत कशाला येईल? एक बाही काढून ठेवा.

एवढाच माझा सल्ला. एका बाहीचा. जावईबापू एकदम उठले आणि एकेक पायरी गाळत वर पळाले. मला वाटलं रागावले. घरच्याही म्हणाल्या, "जावयाला शहाणपण शिकवायला कुणी सांगितलं होतं? चिंध्या चिवडत होता बिचारा, चिवडू द्यायचं." पण ते रागावलेले नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एकही शब्द त्यांनी कधी मनावर घेतला नव्हता (स्वयंपाकघराचा नळ स्वतः बदलू नका म्हटलं होतं, बदलला, आता अहोरात्र गळतो). आणि हा एक नेमका घेतला.

पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. त्यानंतर एकदा दुपारी मी झोपून उठलो तर कोटांच्या कपाटातून धाकटीचा आवाज. कपाट म्हणत होतं, "आपण ट्रायल वापरत आहात. पूर्ण आनंदासाठी कृपया खरेदी करा." थोडं थांबून पुन्हा तेच, जरा जास्त गोड. दार उघडलं तर आत धाकटी, मांडीवर यंत्र, आजूबाजूला माझे लोकरी कोट. म्हणे बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून कपड्यांत बसून रेकॉर्ड करायचं असतं, सगळे तसंच करतात. आमच्या वेळी कपाटात झुरळं असायची. असो. हे वाक्य त्यांनी पुढं ट्रायलमध्ये घातलं. गाणं रंगात आलं की ते थांबतं, धाकटी बोलते, मग पुढं चालू. शिवाय गाणं साठवून ठेवता येणार नाही अशीही व्यवस्था केली. म्हणजे मी सांगितली एक बाही, यांनी खिसे काढले, गळपट्टी काढली आणि पाठीवर पाटी लावली. याचा दोष माझ्याकडे कसा येतो, तुम्हीच सांगा.

पण खरी कथा यापुढची आहे. जावईबापूंनी कौतुकानं तो प्रोग्राम माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर घालून दिला आणि हेडफोन दिला. मी कानाला लावला. डाव्या कानात बासरी छान वाजत होती. उजवा कान मात्र ठार बंद. मी डोकं हलवलं, कानात बोट घातलं, जांभई दिली. काही नाही. मग सुचलं की हेडफोन उलटा घालून बघावा. उलटा घातला, तर आता उजव्या कानात बासरी आणि डावा बंद! माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे दुखणं एका कानात बसलेलं नाही, ते ह्या कानातून त्या कानात फिरतंय. फिरतं दुखणं वाईट, हे मी आमच्या चुलत्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. मी कुणाला काही बोललो नाही. घरच्या जेवायला हाक मारत होत्या ती दोन्ही कानांनी ऐकू येत होती, पण मनात म्हटलं, ही शेवटशेवटची असेल.

हेडफोन पिशवीत घालून मी तसाच कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी विचारलं, कुठला कान? मी म्हटलं, सध्या डावा, पण आधी उजवा होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग नळी घालून पाहिलं, मागं उभं राहून कुजबुजले, वाटीवर चमचा वाजवला. मला सगळं ऐकू येत होतं. ते कुजबुजत काय म्हणाले तेही सांगितलं (दुपारच्या झोपेबद्दल होतं). कान ठणठणीत आहेत म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या चमच्याला ऐकू येतात, बासरीला येत नाहीत. बासरीचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. ते स्वतः फावल्या वेळात बासरी वाजवतात, पण त्यांच्या घरी कुणाला ते आवडत नाही. मी प्रोग्रामचं नाव सांगितलं, त्यांनी तिथल्या तिथं आपल्या कॉम्प्युटरवर घेतला आणि माझा हेडफोन कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोन उलटा घातला. मग हळूच घंटी वाजवून नर्सबाईंना आत बोलावलं आणि म्हणाले, "माझ्या कानात जरा बॅटरी मारून बघता का?"

आम्ही दोघांनी कानातला मळ काढून घेतला. आधी त्यांनी माझा काढला, मग नर्सबाईंनी त्यांचा. पुन्हा ऐकलं, तेच. बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं आत मोठं ऑपरेशन चाललंय. डॉक्टर म्हणाले, दोघांना एकाच वेळी झालंय म्हणजे संसर्ग असावा, आणि दोघांसाठी थेंब लिहून दिले. घरी येऊन मी थेंब घालून कुशीवर पडलो, ह्या कुशीवर आणि मग त्या कुशीवर, तेव्हा घरच्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मला सांगावं लागलं. त्यांनी धाकटीला हाक मारली. धाकटी आणि जावईबापू दोघंही खाली आले. जावईबापूंचा चेहरा लालबुंद. आणि धाकटी! ती हसत हसत जिन्यावर बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. शेवटी म्हणाली, "बाबा, ती तुमची बाही आहे!"

तर जावईबापूंनी माझा सल्ला शब्दशः घेतला होता. ट्रायलमध्ये आवाज एकाच बाजूनं. दुसरी बाजू खरेदीनंतर. मी कपाळाला हात लावला. (कानाच्या डॉक्टरांना जावईबापूंनी स्वतः जाऊन समजावलं. तोवर त्यांनी आणखी एका पेशंटला तेच थेंब दिले होते.) आता तुम्ही म्हणाल की सल्ला तुमचाच. पण मी बाही म्हटलं होतं, कान म्हटलं नव्हतं! बाही नसली तर गिऱ्हाईकाला दिसतं की बाही नाही. कान नसला तर त्याला वाटतं आपलाच गेला.

लोकांचंही तसंच झालं. एकानं नवा हेडफोन दुकानात परत केला, दुकानदारानं बदलून दिला, तोही परत केला, शेवटी दुकानदाराशी हाणामारीची वेळ आली. एकानं स्पीकर खोलला आणि तो त्याला परत जोडता आला नाही. बाकीच्यांनी चार सूर वाजवले आणि सोडून दिलं, कारण जे अर्धं ऐकू येतं आणि मध्येच थांबून पैसे मागतं ते पूर्ण चांगलं असेल असं कोण कशाला समजेल? शिव्यांची पत्रं यायची. धाकटी सगळ्यांना गोड उत्तरं लिहायची आणि मग खाली येऊन माझ्या मशीनवर जोरजोरात जुनी चादर शिवायची.

अशात समोरच्या शाळेतल्या गायनबाईंची भानगड झाली. शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते, त्यांच्यासाठी बाईंनी निरोपाचं गाणं रचलं आणि आपल्याच शेजारचा माणूस म्हणून जावईबापूंच्या ट्रायलवर त्याला चाल लावली. गाणं साठवता येईना. म्हणून बाईंनी स्पीकरपाशी फोन धरून ते उतरवून घेतलं. दोन कडव्यांच्या मध्ये धाकटी बोलली, तेही उतरलं. बाईंना वाटलं, मुलांना कळेलच. त्यांनी ते सगळ्या वर्गाला घरी सरावासाठी पाठवलं आणि वर बजावलं, की जसं आहे तसं पाठ करा, श्वाससुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही. ह्या बाई कडक आहेत. त्यातून आयत्या वेळी त्यांचा घसा बसला, म्हणून शेवटची तालीम झालीच नाही.

आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. मी पुढून दुसऱ्या रांगेत, शेजारी धाकटी. मुलं स्टेजवर आली, पहिलं कडवं गायली, अगदी सुरेल. मग सगळी एकदम थांबली. हात जोडले. आणि मान किंचित तिरकी करून, हुबेहूब आमच्या धाकटीच्या आवाजात म्हणाली, "आपण ट्रायल वापरत आहात. पूर्ण आनंदासाठी कृपया खरेदी करा." आणि पुढचं कडवं सुरू. गायनबाई पडद्याआडून नुसते हात हलवत होत्या, आवाज नाही. धाकटीनं रुमाल तोंडात कोंबला होता. मी खाली बघत होतो, कारण मला वाटलं आता खुर्च्या उडणार.

पण तसं झालं नाही. प्रमुख पाहुणे भाषणाला उठले. ते म्हणाले की आजवर अनेक निरोपाची गाणी ऐकली, पण ह्या चिमुकल्यांनी जे सांगितलं ते मोठमोठ्यांना जमलं नाही. आपण सारेच ट्रायल वापरत आहोत. आणि पूर्ण आनंदाची किंमत मोजायची आपली तयारी नसते. लोकांनी डोळे पुसले. मुख्याध्यापकांना तर हुंदका आवरेना, ते म्हणाले मी सगळी नोकरी एका कानानं केली (त्यांना काय म्हणायचं होतं ते मला समजलं नाही, पण त्या वेळी बरोबर वाटलं). मला स्वतःला वाटायला लागलं की कपाटात बसून धाकटी खरंच काहीतरी मोठं बोलून गेली.

तुम्हाला वाटेल, आता विक्री झाली असेल. मलाही वाटलं. ते गाणं गावभर झालं. ट्रायल घ्यायला नुसती रीघ. पण सगळ्यांना हवी होती ती मधली ओळ, आणि ती फक्त ट्रायलमध्ये! एका बाईंनी पत्र लिहून विचारलं, विकत घेतल्यावर ती मुलगी बोलते का हो? धाकटीनं कळवलं, नाही. त्यांचं उत्तर आलं, मग नको. म्हणजे आधी फुकट पुरतं म्हणून घेत नव्हते, मग अर्धं मिळतं म्हणून घेत नव्हते, आणि आता अर्ध्यातच गोडी आहे म्हणून घेईनात. जावईबापू पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

तोडगा शेवटी आमच्या घरच्यांनी काढला, तोही मटार सोलता सोलता आणि मान वर न करता. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे ट्रायलला यायचा त्या माणसानं माप दिलेलं असायचं, कापड आणून दिलेलं असायचं. तो जातोय कुठं? ह्यांच्याकडे येणाऱ्यानं काय दिलंय? त्याला एक बाही दाखवलीत तर तो दुसऱ्या दुकानात जाईल नाहीतर काय करील? आधी त्याचं कापड अडकू द्या." मी म्हटलं, गाण्यात कसलं आलंय कापड? त्या म्हणाल्या, "त्याचं गाणं." आणि एक मटार माझ्याकडे उडाला (मुद्दाम की चुकून, ते अजून ठरलेलं नाही).

तर सध्या अशी व्यवस्था आहे. दोन्ही कान खुले. सगळी वाद्यं खुली. गाणं साठवा. धाकटी मध्ये बोलत नाही. फक्त मुदत संपली की आपलं गाणं नुसतं ऐकता येतं, त्यात दुरुस्ती करता येत नाही. आपणच केलेलं गाणं, त्यात एक सूर चुकलेला, तो आपल्याला दर वेळी टोचतोय आणि हात लावायची सोय नाही! पहिली खरेदी कुणी केली, ओळखा. कानाच्या डॉक्टरांनी. त्यांच्या बासरीत एका जागी सूर घसरला होता आणि त्यांच्या सौभाग्यवती येता-जाता नेमकी तीच जागा गुणगुणत होत्या. मग गायनबाईंनी घेतलं (ती ओळ वेगळी विकत मिळेल का, असंही विचारलं). मग आणखी काही जणांनी. कुत्रावाले अजून आलेले नाहीत. अडचण एकच आहे. आता जे ट्रायलवर बसलेत त्यांतल्या बहुतेकांची मुदत हे वर्ष उलटल्यावर संपते, म्हणजे त्यांना टोचायला लागेल तोवर तुमची वर्षअखेर होऊन गेलेली असेल.

हे असं आहे. दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा. तुम्ही दुकान चालवलं आहे, आमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त पाहिल्या आहेत, तेव्हा योग्य तेच कराल. माझी हरकत नाही, हे पुन्हा एकदा लिहितो. विहीणबाईंनी उन्हात चष्म्याशिवाय जाऊ नये.

आपला,
खालच्या मजल्यावरचा व्याही

ता.क. वर तीनदा लिहिलं आहे की माझी हरकत नाही. ती आहे. वर्षअखेरीच्या ऐवजी पुढचे काही महिने त्यांना द्या एवढीच विनंती आहे, सगळं पत्र त्यासाठीच लिहिलं, पण लिहिताना कानाकडे भरकटलो. इथं सकाळी आमच्या डोक्यावर पावलं वाजतात. धाकटी उठली, नीट झोप झाली की नाही, जावईबापूंशी भांडली आहे का (मग टाचा आपटतात), सगळं मला अंथरुणातच कळतं. थोरलीचं काही कळत नाही. फोनवर ती नेहमीच मजेत असते. माझी हरकत आहे हे घरी माहीत नाही, तुम्हीही उत्तरात लिहू नका, तुमचं पत्र इथं मोठ्यानं वाचलं जातं.

ता.क. दुसरा. पत्र पोस्टात टाकायला धाकटीकडे दिलं होतं. तिनं ते जिन्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि परत आणून माझ्यापुढं टाकलं. मला बरंच बोलली. तिचं तुमच्याशी रोज फोनवर बोलणं होतं म्हणे. आणि ते दोघं तिकडे आले तर आम्ही दोघांनीही यायचं, असं तुमचं, विहीणबाईंचं आणि आमच्या घरच्यांचंसुद्धा केव्हाच ठरलेलं आहे! दुकानामागची मोठी खोली तुम्ही आमच्यासाठी रिकामी केलीत, पडदे मी शिवायचे म्हणून विहीणबाईंनी मापंही कळवली आहेत. सगळ्यांना माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण मी काळजी करत बसेन. आता मला काळजी वाटते आहे. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? मशीनवर उजेड डावीकडून यावा लागतो. पायऱ्या किती? रंगाच्या वासानं घरच्यांना खोकला तर नाही ना येणार? आणि व्याहीबुवा, हे तुम्ही स्वतः मला चार ओळींत लिहिलं असतंत तर मी हरकत घेतली असती का? तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तुमचा तो लग्नातला कोट काढून ठेवा, खांदे मी बघतो.

ता.क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात जावईबापू वरून ओरडत आले. एका मोठ्या संगीतविद्यालयानं आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी एकदम खरेदी केली आहे. वर्षअखेरीची चिंता मिटली म्हणतात. धाकटी नाचते आहे, घरच्यांनी गोड करायला घेतलं आहे, मीही आनंदात आहे, अगदी मनापासून लिहितो. तुमचा मुलगा इथंच राहणार, तेव्हा तुमचा थोडा हिरमोड होईल, तो समजून घ्या. खोली मात्र लगेच दुसऱ्या कुणाला देऊ नका.